मोसंबीवरचे दोन ठिपके

केम स्टेशनच्या फलाटावर उभे राहिले की रूळ नाकासमोर धावताना दिसतात. पण दौंडहून सोलापूरकडे जाणारा हा मार्ग सरळ नाही. 1859 साली ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ची गाडी दिक्सळहून बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला पोचली ती जमिनीचे चढउतार सांभाळत. त्यामुळे मुंबई ते सोलापूर रेल्वेने 455 किलोमीटर भरते.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई-सोलापूर विमानसेवा सुरू झाली आणि या दोन शहरांमध्ये अंतराचा दुसरा आकडा जिवंत झाला. तो वहीवर काढता येतो. मुंबई विमानतळ 19.09 उत्तर अक्षांश आणि 72.87 पूर्व रेखांशावर आहे, सोलापूरचा 17.63 आणि 75.93 वर. अक्षांशांतला फरक 1.46 अंश, एका अंशाला 111 किलोमीटर, म्हणून 162. रेखांश मात्र ध्रुवांकडे जाताना एकमेकांजवळ येतात. आपल्या पट्ट्यात त्यांच्या एका अंशाला साडेएकशेपाच किलोमीटरच पडतात, म्हणून 3.06 अंशांचे 323. आता शाळेतले पायथागोरस: कर्ण साधारण 360 किलोमीटर.

न्यूयॉर्कजवळ राहणाऱ्या माझ्या लेकीचे अंतर काढायला हा काटकोन चालणार नाही, कारण पृथ्वीची गोलाई आडवी येते. ही गोलाई मोसंबीवर समजून घेता येते, आणि केमचे कुंकू तर प्रसिद्धच आहे. चिमूटभर कुंकवाचे दोन ठिपके मोसंबीवर लावा आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप जी वाट धरतो, तेच सर्वांत कमी अंतर. मुंबई-न्यूयॉर्कचा हा दोरा सपाट नकाशावरच्यासारखा थेट पश्चिमेला न जाता वायव्येकडे चढतो, नॉर्वे-आइसलँडच्या बाजूने वळतो आणि सुमारे साडेबारा हजार किलोमीटर भरतो. हे गणित करणाऱ्या ‘हॅव्हरसाइन’ सूत्राच्या मुळाशी आपल्याच ज्योतिर्गणितातली उत्क्रमज्या आहे, तिची निम्मी किंमत. ‘साइन’ हा शब्दही ‘ज्या’, ‘जीवा’ यांच्यापासून अरबी आणि लॅटिन वळणे घेत तयार झाला. मला हे फार मोलाचे वाटते.

वेळेचे गणित अधिक अवघड आहे. छोटे जेट ताशी 800 किलोमीटर धरले तर 360 किलोमीटरला 27 मिनिटे लागायला हवीत. वेळापत्रक मात्र तासाच्या आसपास मागते. विमान जागेवरून हलून धावपट्टीपर्यंत रांगत जाते, रांगेत थांबते. मुंबईत तर हमखास. लांबच्या प्रवासात वाऱ्याचाही मोठा वाटा असतो. उंचावरचे पश्चिमी वारे पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला रेटतात, परतताना अडवतात, आणि त्याच मार्गाच्या जाण्यायेण्यात तासाभराचाही फरक पडू शकतो.

आपल्या छोट्या मार्गावर खरी अडचण उंचीची आहे. विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येते. एक किलोमीटर उतरायला एकोणीस किलोमीटर पुढे जावे लागते. आठ किलोमीटर उंची गाठली, तर ती सोडायलाच दीडशे किलोमीटर हवेत. चढण्यातही बरेच अंतर जाते. पूर्ण वेगाने सरळ उडायला मधे उरते ते थोडेसेच.

मुंबई-सोलापूर सरळ रेषा केमच्या दक्षिणेला, पंचवीसेक किलोमीटरवर, टेंभुर्णीजवळून जाते. त्या रेषेने आलेले विमान टेंभुर्णीवर पोचते तेव्हा सोलापूर अजून नव्वदेक किलोमीटर दूर असते, आणि वैमानिकाने ते केव्हाच खाली उतरवायला घेतलेले असते.