स्निग्धांची नावे (६) : मुठेलाचे पूर्ण नाव

लिपिडांच्या, म्हणजे स्निग्धांच्या, नावांत लागणाऱ्या ‘ओ’ आणि ‘पी’ या अक्षरांवर या वेळी लिहायचे होते. ते पुढच्या आठवड्यावर गेले, कारण श्रीवर्धनहून एका वाचकाचा प्रश्न आला : रातांब्याच्या बियांचे तेल आम्ही थंडीत फुटलेल्या टाचांना लावतो, तुमच्या आकड्यांच्या भाषेत त्याचे नाव काय?

बिया वाळवायच्या, फोडायच्या, गर कुटून पाण्यात उकळायचा. निवले की वर थर धरतो. तो मुठीत वळला की पांढुरका घट्ट गोळा होतो, म्हणून मुठेल. तळकोकणात आणि गोव्यात तेच भिरंडेल, साबणवाल्यांकडे कोकम बटर. नावे तीन, वस्तू एक, हे कोकणी माणसाला सांगावे लागत नाही. संगणकाला सांगावे लागते. लिपिडांच्या याद्यांतही ट्रायग्लिसराइडला कोणी टीजी लिहितो, कोणी टीएजी. कोणी आकडे कंसात घालतो, कोणी नाही.

मुठेलातला मुख्य रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या तीन जागांवर बसलेली तीन मेदाम्ले. दोन्ही टोकांना स्टिअरिक, म्हणजे १८:० (अठरा कार्बन, दुहेरी बंध एकही नाही). मधे ओलेइक, १८:१. नुसते वस्तुमान मोजले तर हाती येते टीजी ५४:१, म्हणजे केवळ बेरीज. १६:०, १८:१ आणि २०:० यांचीही बेरीज तीच! रेणू फोडून तुकडे ओळखले, की लिहायचे टीजी १८:०_१८:०_१८:१. खालची रेघ सांगते : घटक कळले, जागा नाही. जागाही ठरल्या तरच तिरकी रेघ : टीजी १८:०/१८:१/१८:०. दुहेरी बंधाचे ठिकाण आणि वळण कळले, की १८:१च्या पुढे कंसात (९झेड).

२०२० साली जाहीर झालेली ‘गॉस्लिन’ ही प्रणाली हाच विवेक पाळते. नावांच्या वेगवेगळ्या बोलींची व्याकरणे तिच्यात लिहून ठेवली आहेत. आलेले नाव ती त्या नियमांनी सोडवते, वर्ग, कार्बन आणि बंध वेगळे करते आणि प्रमाण रूपात परत मांडते. पूर्ण नावावरून ती बेरीज काढून देईल. पण बेरजेवरून जागा कधीच सांगणार नाही. अनेक प्रयोगशाळांचे तक्ते एकत्र करताना हा नकारच सर्वांत मोलाचा.

कारण मधल्या जागेला किंमत आहे. ओलेइक मधे आणि संपृक्त आम्ले टोकांना, ही कोकोच्या लोण्याचीही ठेवण. म्हणून तर युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक निर्देशात, पाच टक्क्यांपर्यंत चालणाऱ्या सहा वनस्पतिजन्य स्निग्धांत आपले कोकम आहे. तिथे त्याचे नाव ‘कोकम गुर्गी’, म्हणजे आणखी एक बोली.

तेव्हा श्रीवर्धनच्या वाचकांनी गोळा तपासायला दिला आणि अहवालात फक्त वस्तुमान आले, तर बाटलीवर टीजी ५४:१ एवढेच लिहावे. तिरकी रेघ तपासणीने कमवावी लागते.