करड्या देवमाशांचे माहेर

बाळंतपणासाठी लेकीने माहेरी यावे, ही आपल्याकडील जुनी रीत. करड्या देवमाशाची मादीही काहीशी तीच रीत पाळते. मात्र तिचे माहेर फार दूर आहे. उन्हाळा बेरिंग व चुकची या उत्तरेकडील थंड समुद्रांत काढून ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने आठ हजार किलोमीटरहून अधिक अंतर पोहत जाते आणि डिसेंबर-जानेवारीत मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातील उथळ, कोमट खाड्यांत शिरते. तेथे तिला सुमारे साडेचार मीटर लांबीचे पिल्लू होते. अशा खाड्यांपैकी लागुना सान इग्नासिओ ही सर्वांत शांत मानली जाते.

या शांततेला रक्तरंजित पूर्वेतिहास आहे. १८५७ च्या हिवाळ्यात चार्ल्स स्कॅमन या अमेरिकन कप्तानाने शेजारची ओहो दे लिएब्रे, म्हणजे ‘सशाचा डोळा’, ही खाडी हेरली आणि तेलासाठी कत्तल सुरू झाली. पिल्लाला भाला लागताच आई चवताळून होडीवर तुटून पडे. म्हणून शिकाऱ्यांनी तिचे नाव ‘सैतान मासा’ ठेवले. मराठीने ज्या जीवाला ‘देव’ म्हटले, त्यालाच मारणाऱ्याने सैतान ठरवावे, यात मारणाऱ्याचीच ओळख अधिक पटते. काही दशकांतच या खाड्या जवळजवळ ओस पडल्या. १९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर व्यापारी शिकार थांबली आणि संख्या हळूहळू सावरली.

भीती मात्र उरली होती. सान इग्नासिओचे कोळी देवमासा जवळ येऊ नये म्हणून होडीच्या फळीवर ठोके देत. १९७२ साली फ्रान्सिस्को ‘पाचिको’ मायोराल या कोळ्याच्या होडीला एक मादी येऊन चिकटली आणि हलेना. बऱ्याच वेळाने त्याने धीर करून बोट लावले, मग तळहात ठेवला. तिने काहीच केले नाही. पुढे हीच गोष्ट ऐकून दूरदूरचे लोक येऊ लागले आणि मासेमारीच्या होड्यांना नवे काम मिळाले. सरकारनेही १९७९ मध्ये खाडीला संरक्षण दिले. १९८८ मध्ये सुमारे पंचवीस लाख हेक्टरांचे एल व्हिझ्काइनो जीवावरण राखीव क्षेत्र घोषित झाले आणि १९९३ मध्ये येथील देवमाशांच्या आश्रयस्थानाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान लाभला.

खरी परीक्षा यानंतर झाली. मेक्सिको सरकार व जपानची मित्सुबिशी कंपनी यांच्या भागीदारीतील संस्थेने याच खाडीकाठी प्रचंड मिठागर उभारण्याचे ठरवले. खाडीचे पाणी सतत उपसून वर्षाला सत्तर लाख टनांच्या आसपास मीठ पिकवायचे आणि लांब धक्क्यावरून जहाजांत भरायचे, अशी योजना होती. हिशेबाच्या वहीत ती बिनचूक दिसत होती. समर्थकांचे म्हणणेही पोकळ नव्हते. ओहो दे लिएब्रेच्या काठी याच संस्थेचे जगातील सर्वांत मोठ्या मिठागरांपैकी एक कित्येक वर्षे चालू होते आणि तेथेही देवमासे येतच होते. विरोधात कवी ओमेरो आरिद्जिस आणि देशोदेशींच्या पर्यावरण संस्था उभ्या राहिल्या. कंपनीकडे निषेधपत्रांचा ढीग लागला. राष्ट्राध्यक्ष एर्नेस्टो सेदिल्यो स्वतः कुटुंबासह खाडीवर जाऊन आले आणि २ मार्च २००० रोजी त्यांनी योजना रद्द केली. देवमाशांना अपाय होईलच असे अहवालातून सिद्ध झाले नव्हते. अस्पर्श भूप्रदेश अस्पर्श राहावा, हे त्यांचे कारण होते. ताळेबंदात ज्याला रकाना नाही, त्या गोष्टीसाठी एका सरकारने नफा सोडल्याचे असे उदाहरण विरळाच.

जमीन सामाईकपणे धारण करणाऱ्या गावकऱ्यांनी २००५ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. सुमारे एक लाख वीस हजार एकरांवर मोठे बांधकाम होऊ न देण्याचे त्यांनी कायमचे मान्य केले. मोबदल्यात गावाच्या विकासासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम मिळते. ही जणू कायम ठेव. मुद्दल मोडायचे नाही, व्याजावर भागवायचे.

पर्यटनालाही शिस्त आहे. परवानाधारक होड्यांनाच मुभा असून एका वेळी पाण्यात सोळापेक्षा अधिक होड्या उतरत नाहीत आणि फेरी दीड तासाची असते. खाडीचा आतला भाग मायलेकरांसाठी बंद असतो. पाठलाग करायचा नाही. इंजिन मंद ठेवून वाट पाहायची. जवळ यायचे की नाही, हे देवमाशाने ठरवायचे. हंगाम संपला की तेच नावाडी पुन्हा मासेमारीकडे वळतात. पाचिको २०१३ मध्ये निवर्तले. त्यांच्या मुलांनी हाच व्यवसाय पुढे चालवला आहे.

तरीही आज वही तुटीकडे झुकली आहे. या माहेरी पाहुणीला जेवण नसते. हिवाळाभर ती अंगच्या चरबीवर जगते. तिचे ताट आर्क्टिकच्या समुद्रतळावरील चिखलातील बारीक जीवांचे, आणि तेथील बर्फ वितळू लागल्यापासून ते पूर्वीसारखे भरत नाही. २०१९ पासून किनाऱ्यांवर मृत देवमासे मोठ्या संख्येने सापडू लागले. २०१६ मध्ये सुमारे सत्तावीस हजार असलेली संख्या २०२५ च्या अमेरिकी गणनेत तेरा हजारांच्या आसपास आली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जाणारी पिल्लेही त्या वर्षी फारच कमी दिसली. सान इग्नासिओच्या नियमांत यावर उपाय नाही, कारण ते ताट त्यांच्या हद्दीबाहेर, हजारो किलोमीटर दूर आहे. एप्रिल सरता सरता शेवटच्या माता पिल्लांना घेऊन त्याच दिशेने निघतात, आणि खाडीवरचे नावाडी होड्यांत पुन्हा जाळी भरू लागतात.