एथॅनॉल कीं शर्यतीचें पेट्रोल ?

टर्बोचार्जर बसविलेल्या मोटारीची शक्ति वाढवूं इच्छिणाऱ्या माणसापुढें परदेशांत, विशेषतः अमेरिकेंत, एक प्रश्न हटकून उभा राहतो : टांकींत एथॅनॉल घालावें, कीं शर्यतीचें पेट्रोल ? हा श्रीमंतांच्या छंदाचा प्रश्न आहे, असें कोणी म्हणेल. आणि तें खरेंहि आहे. परंतु त्याच्या मुळाशीं असलेलें शास्त्र शाळेंतल्या मुलालाहि समजण्यासारखें असून, निवड चुकली तर लाखों रुपयांचें इंजिन एका मिनिटांत निकामी होतें.

टर्बोचार्जरचें पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरानें १९०५ सालीं घेतलें. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवितो, आणि त्याच दांड्यावरचें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत कोंबतें. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्ति अधिक. पण हवा दाबली कीं ती तापते. सायकलींत हवा भरतांना पंपाचें बूड चटका देतें, हें आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. हा ताप मर्यादेबाहेर गेला म्हणजे ठिणगीपासून निघालेली ज्योत पोंचण्यापूर्वींच सिलिंडरच्या कडेचें मिश्रण आपोआप पेटतें. इंजिन खटखटूं लागतें. यालाच नॉकिंग म्हणतात. टर्बो इंजिनांत तें क्षणभर चाललें तरी दट्ट्याला भोंक पडूं शकतें.

नॉकिंगला विरोध करण्याचा इंधनाचा गुण ऑक्टेन-अंकानें मोजतात. आयसोऑक्टेन या द्रवाला १०० गुण, नॉर्मल हेप्टेनला शून्य. या गुणांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९८८ सालीं फॉर्म्युला वन शर्यतींत १०२ ऑक्टेनची मर्यादा होती. होंडा कंपनीनें आपल्या टर्बो इंजिनासाठीं शेंकडा ८४ भाग टोल्युइन घेतलें, आणि अंक मर्यादेंत बसावा म्हणून त्यांत १६ भाग तेंच शून्य गुणांचें हेप्टेन घातलें ! त्या वर्षीं हें इंजिन लावलेल्या मॅक्लारेन गाड्यांनीं १६ पैकीं १५ शर्यती जिंकल्या. हुशार विद्यार्थ्यानें नियम न मोडतां परीक्षकाला चकविण्याचा हा नमुना मला फार आवडतो.

आतां एथॅनॉल. त्याचा ऑक्टेन-अंक मोठा आहेच. पण त्याचें खरें सामर्थ्य थंडाव्यांत आहे. हातावर स्पिरिट चोळलें असतां गार लागतें, कारण उडून जातांना तें उष्णता शोषून घेतें. एक किलो हवेबरोबर पेट्रोल जळावयाचें तर तें साधारण ६८ ग्रॅम लागतें, एथॅनॉल १११ ग्रॅम. शिवाय वाफ होतांना एथॅनॉल वजनीं पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता ओढतें. दोहोंचा गुणाकार केला तर तेवढ्याच हवेला मिळणारा थंडावा चौपटीच्या आसपास जातो. हवेच्या हिशेबानें मात्र दोहोंची उष्णता जवळजवळ सारखीच भरते. तेव्हां एथॅनॉल स्वतः जादा शक्ति देतें, ही समजूत चुकीची. तें अधिक हवा निर्धास्तपणें कोंबूं देतें, एवढेंच. स्वीडनच्या केनिगसेग कंपनीची जेस्को गाडी साध्या पेट्रोलवर १२८० अश्वशक्ति देते, आणि ई-८५ या एथॅनॉलमिश्रित इंधनावर १६०० !

मग शर्यतीचें पेट्रोल घ्यावेंच कशाला ? एक तर एथॅनॉलला इंधनाचा पंप व इंजेक्टर मोठे लागतात. लिटरांत मोजलें तर खप सुमारें तिसऱ्या हिश्शानें वाढतो. पेट्रोलसाठीं जुळविलेल्या गाडींत तें तसेंच ओतलें, तर मिश्रणांत इंधन कमी पडतें आणि जोरावर असलेलें इंजिन धोक्यांत येतें. शर्यतीचें पेट्रोल बहुधा जुन्याच पंपावर चालतें. दुसरें असें कीं, ई-८५ या नांवावर विसंबतां येत नाहीं. अमेरिकेच्या मानकाप्रमाणें त्यांत एथॅनॉल शेंकडा ५१ पासून ८३ पर्यंत कितीहि असूं शकतें. थंडींत इंजिन सुरू व्हावें म्हणून हिंवाळ्यांत तें कमी ठेवितात. ८५ धरून जुळविलेल्या गाडींत ६० चें इंधन पडलें, तर हवेचा दाब तोच राहतो आणि संरक्षण मात्र घटतें. उलट सीलबंद पिंपांतलें शर्यतीचें पेट्रोल दरवेळीं एकाच गुणाचें मिळतें. त्याची किंमत जबर असते, आणि कांहीं प्रकारांत अजून शिसें असतें. तें शिसें धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा व ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा नाश करतें. रस्त्यावरच्या गाडींत असलें पेट्रोल घालणें मला तरी अक्षम्य वाटतें.

आगीचाहि विचार केला पाहिजे. १९६४ सालीं इंडियानापोलिसच्या शर्यतींत पेट्रोलच्या भडक्यांत एडी सॅक्स व डेव्ह मॅक्डोनल्ड हे दोघे चालक प्राणास मुकले. त्यानंतर तेथें मिथेनॉल रूढ झालें. पण मिथेनॉलची ज्वाळा दिवसाउजेडीं दिसत नाहीं, आणि १९८१ सालीं रिक मीअर्स तशाच अदृश्य आगींत भाजला. पुढें २००७ पासून एथॅनॉल आलें, आणि २०१२ मध्यें टर्बो इंजिनांबरोबर ई-८५.

माझें मत विचाराल तर, ज्याच्या गांवीं ई-८५ चा पंप जवळ आहे, आणि जो मोठा पंप, मोठे इंजेक्टर व इंधनांतील एथॅनॉल स्वतः मोजून इंजिनाला कळविणारा सेन्सर बसवील, त्यानें एथॅनॉलच घ्यावें. वर्षांतून चार वेळां शर्यतीला जाऊन एरव्हीं गाडी झांकून ठेवणाऱ्यानें शिसेंविरहित शर्यतीचें पेट्रोल घ्यावें. कारण एथॅनॉल हवेंतलें पाणी ओढतें, आणि महिनोन् महिने टांकींत राहिलें तर धातूचे भाग गंजवितें. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीकडील साखर कारखान्यांचें एथॅनॉल पंपावरच्या पेट्रोलांत शेंकडा २० मिसळतात, तें ई-२०. त्याला ई-८५ समजून कोणीं हवेचा दाब वाढवूं नये.

सेन्सर नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. खुणांच्या कांचनळींत थोडें पाणी मोजून घ्यावें, वर इंधन ओतावें, बूच लावून हालवावें व नळी स्थिर ठेवावी. एथॅनॉल पाण्यांत उतरतें, पेट्रोल वर तरंगतें. खालचा थर जितका वाढला, त्यावरून एथॅनॉलचा अंदाज येतो. हें काम उघड्यावर, विडीकाडीपासून दूर करावें. आणि अंक कमी आला तर त्या दिवशीं गाडी जोरांत हांकूं नये.