संख्याशास्त्राची धास्ती

नांदेड किंवा लातूर येथील एखाद्या शाळेत संख्याशास्त्राचे नाव निघाले, की कित्येक मुलांना प्रथम आपले गणितातील गुण आठवतात. गणितात ज्याला गती, त्यालाच हे शास्त्र साधेल, अशी त्यांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे.

गणिताचा पाया कच्चा असला, तर साधी सरासरी काढतानाही मन धास्तावते. धास्तावलेल्या मनाकडून चुका होतात आणि विषयाविषयी नावड उत्पन्न होते. परंतु स्वभावाचा वाटाही लहान नव्हे. लातूरच्या दहा वर्षांच्या पावसाची सरासरी एखादा चलाख विद्यार्थी चटकन काढील व वही मिटील. आकडेमोडीत मंद, पण जिज्ञासू असा दुसरा विचारील, “दर वर्षी पाऊस एवढाच पडतो काय?” २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. त्यापूर्वी लागोपाठ पाऊस कमी झाला होता. सरासरीच्या एका आकड्यात अशी वर्षे दिसत नाहीत.

ज्याला प्रत्येक प्रश्नाचे ठाम उत्तर हवे असते, त्याला या शास्त्रातील ‘सुमारे’ व ‘बहुधा’ हे शब्द खटकतात. मग तो गणितात कितीही हुशार असो! सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकाचा अंदाज बांधण्याची एक पद्धत आपल्या देशात रुजविली. तीत सबंध शिवार कापून मोजावे लागत नाही. चिठ्ठी टाकावी तसे, आवडनिवड न ठेवता, काही लहान तुकडे निवडावयाचे व तेवढेच पीक कापून तोलावयाचे. नजरेत भरलेला तुकडा घेण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. शिवाय अंदाज सांगताना तो किती चुकू शकेल, हेही सांगावे लागते.