गोष्ट आपली, मग पैसे आपणच का द्यायचे?

मी अंधेरीहून बोलतेय. इथल्या वस्त्यांमध्ये मी बचत गटांचं काम बघते. एरवी आपण कर्ज, हप्ते, व्याज याबद्दल बोलतो. आज बोलू या गोष्टी लिहिणाऱ्या बायकांबद्दल आणि त्यांना मोबाईलवरून फसवणाऱ्यांबद्दल.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात सिनेमा कोण लिहितंय? पण तुमच्या गटातही एखादी असेल, जी रात्री सगळं आवरल्यावर वहीत काहीतरी लिहिते. एखादीची मुलगी मोबाईलवर कथा लिहीत असेल. तिलाही जाहिरात दिसते, 'मालिकेसाठी नवीन लेखक पाहिजेत, अनुभवाची अट नाही.' खाली पत्ता अंधेरीचा नाहीतर गोरेगावचा. निर्मात्यांची ऑफिसं अंधेरीत आणि फिल्मसिटी गोरेगावला, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मग खरंच वाटतं.

आमच्या गटातल्या एका ताईंचं असंच झालं. त्या चार घरी स्वयंपाक करतात. आपल्या सासूच्या आयुष्यावर त्यांनी दोनशे पानी वही भरवली होती. जाहिरात बघून मुलीने पानांचे फोटो पाठवले. तासाभरात उत्तर आलं, 'लेखिका मॅडम, तुमची कथा निवडली गेली आहे.' आता सांगा, दोनशे पानं तासाभरात कोण वाचतं? पण ताईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी लेखिका म्हटलं होतं.

मग रजिस्ट्रेशनचे दीड हजार मागितले. ते दिले. आठवड्याने करारनाम्याचे चार हजार. तेही दिले. मग निर्मात्याच्या मीटिंगसाठी बारा हजार हवे झाले, तेव्हा ताईंनी गटाकडे कर्ज मागितलं. कारण सांगितलं शाळेची फी. आम्ही पावती मागितली आणि त्यांना रडू फुटलं. बारा हजार वाचले, साडेपाच हजार मात्र गेले.

मैत्रिणींनो, या धंद्यातली एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पैसा निर्मात्याकडून लेखकाकडे येतो. आपण भाजी विकतो तेव्हा गिऱ्हाईक पैसे देतं ना? कथा विकत घेणारा आपल्याकडेच पैसे मागत असेल, तर तो गिऱ्हाईक नाही. फी, डिपॉझिट, जीएसटी, नाव काहीही देवो.

आणखी खुणा ऐका. सगळं बोलणं फक्त व्हॉट्सॲपवर. पैसे कंपनीच्या नाही, कुणाच्या तरी स्वतःच्या खात्यावर. 'आजच भरा, नाहीतर संधी गेली' अशी घाई. मोठ्या कंपनीचं नाव सांगितलं, तर त्या कंपनीचा नंबर स्वतः शोधून फोन करा, त्याने दिलेल्या नंबरवर नको. मानधन जमा करतो म्हणून पिन किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. आणि मीटिंगला मुलीला एकटीला हॉटेलवर बोलावलं, तर अजिबात पाठवू नका.

मग कथा सुरक्षित कशी ठेवायची? आपण लिहिलेल्या कथेवर लिहिल्या क्षणापासून आपला कॉपीराइट असतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी केली तर पुरावा हाती राहतो. अंधेरी पश्चिमेला स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही लेखकांची संघटना आहे. पूर्वी तिला फिल्म रायटर्स असोसिएशन म्हणत. सभासद होऊन तिथे ऑनलाइन कथा नोंदवता येते. त्याची फी असते, पण ती आपण थेट संघटनेकडे भरायची, मधल्या माणसाकडे नाही. आणि नोंदणी म्हणजे सिनेमा मिळाला असं नाही, हेही लक्षात ठेवा.

नुसत्या कल्पनेवर मात्र हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये एका नाटकाच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. म्हणून फोनवर कल्पना सांगत बसू नका. आधी पूर्ण लिहून काढा, तारीख घाला, नोंदवा, मग दाखवा.

कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्याप्रमाणे कथेचा हक्क दुसऱ्याला द्यायचा, तर लेखी कागद आणि आपली सही लागते. आपण गटाचा ठराव वाचल्याशिवाय सही करतो का? तसंच इथे. मानधन किती, हक्क किती वर्षांसाठी, पडद्यावर आपलं नाव येणार का, हे कागदावर बघा. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही कधीच नको.

आणि फसवणूक झालीच, तर 1930 या नंबरवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे खात्यातच अडवले जाण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार करता येते. मेसेज पुसू नका, पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट ठेवा.

आमच्या ताईंनी तक्रार केली, पण तीन आठवड्यांनी. पैसे परत आले नाहीत. इतका उशीर का केला, विचारलं तर म्हणाल्या, 'स्वयंपाकवाली सिनेमा लिहिते म्हणून तुम्ही हसला असतात.' खरं सांगते, मला माझीच लाज वाटली. ती वही आम्ही कुणी कधी वाचायला मागितलीच नव्हती. तिचं कौतुक पहिल्यांदा केलं ते त्या ठगाने.

वही ताईंकडेच आहे, कथाही त्यांचीच आहे. आता आमच्या मीटिंगमध्ये शेवटची दहा मिनिटं त्या ती वाचून दाखवतात. तुमच्याही गटात विचारा, कोण लिहितं? आणि हसू नका, ऐका. म्हणजे जाहिरात आली, की ती आधी तुम्हाला दाखवेल.