फैजींना वगळून आढावा कसा घ्यायचा?

इस्लामच्या आधुनिक पुनर्विचाराची गोष्ट निघाली की ठरलेली नावं येतात. जमालुद्दीन अफगाणी, इजिप्तचे मुहंमद अब्दुह, अलीगढला 1875 मध्ये शाळा काढून पुढे तिचं कॉलेज करणारे सर सय्यद. त्यांच्यावर भरपूर लिहून झालं आहे. इक्बालांपाशी मात्र थांबायला हवं. त्यांची इंग्रजी व्याख्यानं 1930 मध्ये लाहोरला पुस्तकरूपाने निघाली. इज्तिहाद, म्हणजे मूळ आधारांवरून स्वतंत्र निर्णय काढणं, हा त्यातला कळीचा विषय. आपल्याकडे इक्बाल म्हणजे ‘सारे जहाँ से अच्छा’ नाहीतर पाकिस्तान. मधला तत्त्वज्ञ कुणी वाचतच नाही.

पण माझा जीव गुंतला आहे तो असफ अली असगर फैजींमध्ये. जन्म 1899, आपल्या माथेरानचा. मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य, इजिप्तमध्ये भारताचे राजदूत, काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू. पदांची ही यादी बाजूला ठेवू. सुलेमानी बोहरा घराण्यातल्या या माणसाने फातिमी काळातल्या काझी नुमान यांचा ‘दआइम अल्-इस्लाम’ हा कायदेग्रंथ हस्तलिखितं ताडून संपादित केला. परंपरा त्यांना आतून ठाऊक होती. आणि त्यांनीच 1963 मध्ये ‘अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम’मध्ये सांगितलं, की धर्म आणि कायदा वेगळे करा. श्रद्धा आणि नीती टिकतात, कायदा समाजाबरोबर बदलतो. त्यासाठी धर्मांचा तौलनिक इतिहास शिका, सेमिटिक भाषा शिका, विश्वोत्पत्तीच्या जुन्या कल्पना विज्ञानापुढे पुन्हा तपासा. विद्यार्थी असताना फोर्टातल्या फुटपाथवर हे पुस्तक मला मिळालं. त्या रात्री मी झोपलो नाही. श्रद्धा न सोडता इतकं निर्भय होता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आमच्यातले काही अभ्यासक मुस्लिम सुधारणेचा आरंभ 18 एप्रिल 1966 ला धरतात. हमीद दलवाईंनी त्या दिवशी सात महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. दलवाईंच्या धैर्यापुढे मी आजही नतमस्तक आहे. 1970 मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, तेही मोठंच काम. पण आरंभ तिथे धरला की फैजी गळतात, आणि मुसलमान विचारवंताने श्रद्धेच्या आत राहून केलेली चिकित्सा आपल्या हिशेबातच येत नाही. ही चूक साधी नाही. त्यामुळे सुधारक म्हणजे धर्म सोडलेला माणूस, हा समज दोन्ही बाजूंच्या कर्मठांना फार सोयीचा झाला.

आता तर चर्चा तलाकपाशी सुरू होते आणि तलाकपाशीच संपते. नरहर कुरुंदकर इस्लामवर लिहीत तेव्हा त्यांच्याशी भांडायलासुद्धा चार ग्रंथ वाचावे लागत. आज टीव्हीवरच्या अर्ध्या तासात दोन्हीकडचे ओरडून मोकळे होतात. अरबी शिकून मूळ ग्रंथाला हात घालणारा मराठी तरुण मला गेल्या कित्येक वर्षांत भेटलेला नाही.

फैजींनी आपला इस्माइली हस्तलिखितांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिला. कैरोला जायची गरज नाही. तरुण मित्रांनो, अरबी शिका आणि ती हस्तलिखितं एकदा उघडून बघा.