फोर्कलिफ्ट-चालकांचे प्रशिक्षण व मालकाची जबाबदारी

कारखाने, गोदामे, गोद्या इ. ठिकाणी पुढील बाजूच्या दोन पोलादी काट्यांवर माल उचलून नेणाऱ्या यांत्रिक वाहनास फोर्कलिफ्ट म्हणतात. योग्य शिक्षण दिल्याखेरीज कोणाही कामगारास हे वाहन चालवू न देण्याचे बंधन अनेक देशांच्या कायद्यांनी मालकावर घातले आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ते विशेष तपशिलाने मांडलेले असल्यामुळे येथे मुख्यत्वे तेथील नियमाचे विवेचन केले आहे.

दिसण्यात मोटारीसारखे असले, तरी हे वाहन मोटारीसारखे वागत नाही. त्याची रचना तरफेच्या तत्त्वावर असते : पुढील आस हा टेकू, त्याच्या एका बाजूस काट्यांवरील माल व दुसऱ्या बाजूस वाहनाच्या मागील भागात बसविलेला प्रतिभार. मालाचे वजन तेच राहूनही तो काट्यांच्या टोकाकडे सरकला, तर गाडी पुढे कलंडू शकते. नेहमीच्या चारचाकी गाडीत मागील आस मध्यभागी खिळीवर डुलती ठेवलेली असते. त्यामुळे गाडीचा खरा आधार दोन पुढील चाके व मागील आसाचा मध्य अशा तीन बिंदूंवर असतो. गुरुत्वमध्यातून जाणारी लंबरेषा या त्रिकोणाबाहेर पडली की गाडी उलटते. माल उंच धरून वळण घेणे यामुळेच धोक्याचे ठरते. रिकामी गाडी निर्धोक, हा समजही चुकीचा आहे. माल नसताना गुरुत्वमध्य त्रिकोणाच्या मागील, निमुळत्या भागाकडे जातो व वेगात वळविलेली गाडी बाजूला कोसळते. शिवाय सुकाणूने मागील चाके वळत असल्याने वळताना गाडीचा मागचा भाग बाहेर झोकला जातो आणि शेजारून जाणारा पादचारी त्याच्या तडाख्यात सापडतो.

गाडी उलटू लागताच बाहेर उडी टाकण्याची चालकाची स्वाभाविक प्रवृत्ती बहुधा प्राणघातक ठरते, कारण डोक्यावरील संरक्षक छत नेमके त्याच्यावर येते. बसून चालवावयाच्या प्रतिभारयुक्त गाडीत आसन न सोडता, सुकाणूचक्र घट्ट धरून व पाय रोवून, पडण्याच्या विरुद्ध दिशेस झुकावयाचे असते. उलट, मागून चढण्याची सोय असलेल्या, उभ्याने चालवावयाच्या गाडीतून मागे पाऊल टाकून बाहेर पडावयाचे असते. एका प्रकारच्या गाडीवरील अनुभव दुसऱ्या प्रकारच्या गाडीस पुरेसा न मानण्यामागे असा ठोस आधार आहे.

संयुक्त संस्थानांत 1970 च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य अधिनियमान्वये 1971 मध्ये लागू झालेल्या मानकात प्रशिक्षित व अधिकृत व्यक्तीनेच गाडी चालवावी आणि प्रशिक्षणाच्या पद्धती योजाव्यात, एवढेच म्हटले होते. काय शिकवावे, कोणी शिकवावे व शिकलेले तपासावे कसे, याविषयी त्यात काहीच नव्हते. 1 डिसेंबर 1998 रोजी प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमाने ही उणीव भरून काढली. या नियमामुळे दरवर्षी सुमारे 11 मृत्यू व 9,500 इजा टळतील, असा त्या वेळचा शासकीय अंदाज होता. कारखान्यांप्रमाणेच बांधकाम, जहाजबांधणी व बंदरातील कामे यांना तो लागू आहे, शेतीला नाही.

या नियमानुसार तात्त्विक शिक्षण, प्रत्यक्ष सराव व कामाच्या जागी कौशल्याचे मूल्यमापन हे तिन्ही टप्पे आवश्यक आहेत. गाडीची माहिती पुरेशी नसते. तेथील उतार, जमिनीचा पृष्ठभाग, अरुंद वाटा, पादचाऱ्यांची ये-जा व बंदिस्त जागेत साचणारा कार्बन मोनॉक्साइड यांचाही अंतर्भाव शिक्षणात व्हावा लागतो. चालकाचे नाव, प्रशिक्षणाची व मूल्यमापनाची तारीख आणि ते करणाऱ्याची ओळख नमूद करून मालकाने स्वतः प्रमाणित करावयाचे असते. शासन असा कोणताही परवाना देत नाही. बाहेरील संस्थेचे ओळखपत्र घेऊन आलेल्या कामगाराचे पूर्वशिक्षण ग्राह्य धरता येते; परंतु तो या जागी, या गाडीवर सक्षम आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी नव्या मालकाचीच. व्यवहारात हाच मुद्दा सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. दर तीन वर्षांनी निदान एकदा फेरमूल्यमापन करावे लागते. अपघात झाल्यास वा थोडक्यात टळल्यास, चालक बेफिकीरपणे गाडी हाकताना आढळल्यास अथवा गाडीचा प्रकार किंवा जागेची परिस्थिती बदलल्यास उजळणी-प्रशिक्षण द्यावे लागते. शिक्षण कामगाराला समजेल अशा भाषेत दिले पाहिजे, असे 2010 मध्ये स्पष्ट करण्यात आले. बिगरशेती कामांत 18 वर्षांखालील व्यक्तीस ही गाडी चालविण्यास मनाई आहे.

ब्रिटनमध्ये 1974 च्या अधिनियमाने माहिती, शिक्षण, प्रशिक्षण व देखरेख पुरविण्याचे सर्वसाधारण कर्तव्य मालकावर घातले. भारतात कारखाने अधिनियम, 1948 मध्ये 1987 साली घातलेल्या कलम 7अ ने तशाच शब्दांत ते भोगवटादारावर आले व 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ही शब्दयोजना कायम राहिली. मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील व्याख्येतून केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनविलेली खास वाहने वगळलेली आहेत. त्यामुळे आवारातच फिरणाऱ्या फोर्कलिफ्टच्या चालकाची परीक्षा परिवहन खाते घेत नाही आणि त्याला मोटारीचा परवाना असला, तरी त्यावरून या कामातील पात्रता सिद्ध होत नाही. ती पारखण्याचे काम आवाराच्या मालकाकडेच राहते. [→ औद्योगिक सुरक्षा; तरफ].